पायघोळ

सॅन डिएगोच्या बागेत प्रत्येक ताडाला
पत्र्याची पाटी होती: नाव, गाव, गोत्र.
यांत्रिक पाळण्यात उभा राहून एकजण
वाळक्या झावळ्या कापत होता.
मी मान डोलावली. हात बसलेला होता त्याचा.
रत्नागिरीच्या उद्यान खात्यात एकतीस वर्षं
मीही हेच करवून घेतलं.

"आता रानातले बघू," मारिसोल म्हणाली, माझी सून,
आणि गाडी वाळवंटात घातली.

बोरेगोच्या घळीत दीड मैल नुसते दगड,
पुरानं आणून टाकलेले ओंडके,
माझी बाटली निम्म्यावर.
मग वळणाआड एकदम ते, पंधरा-वीस,
पाण्याच्या एवढ्याशा धारेपाशी,
जन्मापासूनची एकूण एक झावळी
अंगावर ठेवून, पायघोळ.

त्या वाळक्या घेरात मी हात घातला.
"वटवाघळं असतील हं, पप्पा."
होती बहुधा. काहीतरी कुजबुजून सरकलं.
हात मी लगेच काढला नाही.

किती घरं उतरवली असतील मी
शिड्या लावून लावून,
आणि संध्याकाळी नोंदवहीत, सहीनिशी:
आवार स्वच्छ.