मंडळी

एकेचाळीस वर्षं मी तिला ‘आमची मंडळी’ म्हणत आलो,
वर्कशॉपात, सोसायटीत, दूधवाल्या जिग्नेशसमोरसुद्धा.
ती म्हणायची, अहो, मंडळी फतेगंजात असते,
रविवारी नवाला या, दाखवते.
मी गेलो नाही. म्हणजे नाताळला जायचो,
आणि एकदा पंखा बसवायला.

यंदा एकतीस डिसेंबरला गेलो
ते तिच्याकडची कपाटाची किल्ली परत करायला.
रात्रीचे साडेदहा. अलकापुरीच्या बाजूला फटाके,
उत्तराणाला दोन आठवडे असताना तारेवर
एक पतंग आधीच अडकलेला.

आत ओल्या चुन्याचा वास.
ऑगस्टात विश्वामित्री इथवर येऊन गेली होती,
बाकांच्या पाठी बुडेपर्यंत.
भिंतीवर तिची तपकिरी रेघ.
पोरांनी रेघेला टेकून, पेन्सिलीने,
आपापली उंची मांडून ठेवलेली.
गीतांची पुस्तकं वाळून अशी फुगलेली
की मिटायला तयार नव्हती.
मगर आत आली होती की नाही
यावर अजून दोन पक्ष.

पाळक रणपिसे किल्लीकडे न बघता म्हणाले, बसा की.
बसलो. दाराजवळ, पटकन उठता येईल असा.
सगुणाबाई आढावांनी थर्मासच्या झाकणात चहा दिला
आणि सरकून जागा केली,
जागा होती तरीही.

मग वर्षात गेलेल्यांची नावं.
सात. तिचं पाचवं.
रत्नमाला दाविद काळोखे.
दाविद मी.
गेलेल्यांच्या यादीत मधोमध
एक तृतीयांश वाचला गेलो,
आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही,
फक्त सगुणाबाईंनी झाकण परत भरलं.

बाराला दहा कमी. बिस्किटांचा डबा फिरू लागला,
त्यात नव्या वर्षाच्या वचनांच्या चिठ्ठ्या.
हे काम तिचं. नवरात्रात, गरब्याच्या आवाजाने
झोप येत नाही म्हणून, ओट्यापाशी बसून लिहायची.
यंदाच्याही लिहून झाल्या होत्या.
मला हे माहीत नव्हतं.
हात डब्यात गेला
आणि बाहेर आलं तिचं अक्षर.

चष्मा घरी. शेजारच्या अमोसला दिली,
वय बारा, नाकात सर्दी.
त्याने नऊवर बोट ठेवलं.
पण आकडे ती गुजराती शाळेत शिकली होती,
तिचा एक आपल्याला नऊ दिसतो.
मी सांगितलं नाही.

तो वाचू लागला. वचन कसलं, नुसती यादी निघाली:
पडलेल्या भिंतीचा कुठला तुकडा कुणी उभारला.
याच्या पलीकडे तो, त्याच्या पलीकडे आणखी कोण,
कुणी आपल्या घरासमोरचाच,
कुणी मुलींना सोबत घेऊन.
अवघड नावांना अमोस अडखळे, नाक ओढी, पुढे जाई.
थांब म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.
तिला काय म्हणायचं होतं, देव जाणे.
पण बाकावर इकडे सगुणाबाई, तिकडे अमोस,
त्याच्या पलीकडे त्याची आई, झोपलेलं बाळ,
बाळाच्या पलीकडे एक नर्स, ड्यूटीच्या कपड्यांतच.

घंटेचा दोर पुरात कुजलेला.
बारा वाजता कुणीतरी स्टीलचं ताट बडवलं,
कुत्री भुंकली, रणपिसे हसले,
आणि मी बाराच्या आसपास किती जणांशी
हात मिळवले, मोजले नाहीत.

अंगणात सेव-उसळ. तिखट.
निदान नाक गळायला कारण झालं.
अमोसची आई म्हणाली, रविवारी भिंत खरवडायची आहे,
तुमच्याकडे शिडी आहे ना? रत्नमालाबाई सांगायच्या.
पोरं येतील न्यायला.
अमोस म्हणाला, रेघेपर्यंतच खरवडा,
वर माझी उंची यायची आहे.

घरी आल्यावर कळलं,
किल्ली खिशातच.

पहाटे जिग्नेश. नोव्हेंबरपासून पाव लिटर टाकतो,
पिशवी देताना दुसरीकडे बघतो.
म्हटलं, रविवारी दोन लिटर टाक.
एटलुं बधुं, काका? कोण आवे छे?
म्हटलं, मंडळी येणार आहे.

तो पायरीवर थांबून राहिला,
हातात पिशवी तशीच,
थेंब थेंब गळत.