दोन खिडक्यांमधलं अंतर

दांडिया बाजारात चष्म्याच्या दुकानाला लागून
जो अरुंद जिना वर जातो, तिथे
विरेनभाईंनी काउंटरच्या काचेवर
दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले,
मध्यस्थाने स्थळं मांडावीत तसे.

धाकटा साबणाच्या वडीएवढा.
झाकण सरकवलं की जागा होतो,
शर्टाच्या खिशात मावतो, पेन आणि पासाच्या मध्ये.
थोरला पितळेचा. कोपऱ्यांवरचं क्रोम झिजून
आतलं पितळ उघडं पडलेलं.
उचलला की मनगट हुंकार देतं.

माझी अडचण अशी :
मान म्हणते, धाकटा.
डॉक्टर ठिपसे म्हणालेत, या मणक्यांवर
फक्त हार घालून घ्या, तोही वर्षातून एकदा.
हात म्हणतात, थोरला.
दिवाळीपासून उजवा जरा थरथरतो,
आणि हलकी वस्तू थरथरत्या हाताला सामील होते,
जड वस्तू त्याला दटावते.

विरेनभाईंनी फुटपट्टी काढून
दोघांच्या कपाळाला लावली.
धाकट्याच्या दोन खिडक्यांत जेमतेम अडीच सेंटिमीटर,
थोरल्याच्या जवळजवळ पाच.
"डोळे लांब-लांब असले ना काका,
तर जवळचं बरोबर मापतो."

प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेबखात्यात
एकतीस वर्षं काढली मी.
असं वाक्य तिथे कुणी बोललं असतं
तर फायलीच्या कडेला पेन्सिलीने टिपून ठेवलं असतं.

"बेउ लई जाओ. रविवारे फेरवी जुओ.
सोमवारे एक पाछो आपजो."

रविवारी खंडेराव मार्केट. फुलवाल्या.
धाकट्याने अकरा फोटो काढले, एकीलाही कळलं नाही.
झेंडूचा ढीग, जांभई, ओल्या गोणपाटावरचा पाय,
एकीने दुसरीच्या टोपलीतून
हळूच उचललेला गुलाब.
तिथून हलताना खिसा उगाच जड लागला,
गुलाब जसा काही मीच उचलला होता.

मग थोरला काढला.
काढल्याबरोबर कमुबेनने पदर सारखा केला,
नातवाचं नाक पुसलं,
तराजूतलं वजन काढून बाजूला ठेवलं
आणि वाट बघत बसली.
मी रिंग फिरवतोय. पिवळसर चौकटीत दोन कमुबेन,
एक खरी, एक फिकट, किंचित डावीकडे सरकलेली,
कोण कुणाकडे जातेय कळत नाही.
"केटली वार?" तिने विचारलं.
तेवढ्यात तिची दोन गिऱ्हाइकं गेली.
फोटोचे पैसे मात्र तिने मागितले नाहीत,
फुलं घ्यायला लावली. पावशेर शेवंती.

घरी कुंदा खिडकीशी मेथी निवडत होती, पाठमोरी.
गेल्या आषाढापासून ती फोटोत येत नाही.
केस परत आलेत, पण भलतेच, कुरळे,
कुणा दुसऱ्या बाईचे आल्यासारखे.
धाकट्याने जमलं असतं.
खिशातून काढायचा, खट्, की झालं.
बोट बटणावर होतंही.

मी दोन्ही टेबलावर ठेवले, शेवंतीच्या पुडीशेजारी.

तिने हात पुसले, थोरला उचलला,
दुधी उचलून बघते तसा,
आणि न विचारता डोळ्याला लावला.
"अगंबाई. तुम्ही दोन दिसताय."
पुढची रिंग फिरव, म्हटलं. एक होईपर्यंत.
तिने फिरवली. उलटी असणार,
कारण म्हणाली, "आता तर आणखी लांब गेलात."
दुसरीकडे फिरव.
"हलू नका हो."

मी हलत नव्हतो. हात हलत होता,
तो मांडीखाली दाबून बसलो.
खालून भंगारवाल्याची आरोळी गेली,
मेथीच्या काड्या फरशीवर तशाच.
रोलमध्ये किती उरलेत हे मी मोजलं नव्हतं.
सोमवारी काय परत न्यायचं
तेही त्या घटकेला डोक्यात नव्हतं.
कॅमेऱ्यामागून फक्त ते कुरळे केस दिसत होते
आणि रिंगवर तिचं बोट, मेथीने हिरवं झालेलं,
एवढं एवढं सरकणारं.

झालं का?

"थांबा," ती म्हणाली,
"अजून दीड आहात."