जादा वेळ

सीपीआरच्या दाखल्यावर लिहिलंय शंभर टक्के.
आमच्या घरात एवढे कुणालाच पडले नव्हते.
अण्णा म्हणाले, पेढे वाटू काय?
आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

सुभाषनगरात पुढं दुकान, मागं आम्ही.
मोबाइलमधली बाई मला सगळं वाचून दाखवते,
धडे, निरोप, गॅसचा नंबर,
फक्त अण्णांचं ‘कवा येतीस’ तिला झेपत नाही.
अडखळते, आणि पुढं सरकते
पाहुणीगत.
‘पुण्याची दिसतीया,’ अण्णा म्हणतात,
‘हिच्या मापाचं पायताण आपल्याकडं न्हाई.’

ब्रेलची पाटी आणि टोचणी मात्र घरचीच.
उजवीकडून टोचत जायचं,
कागद उलटला की डावीकडून वाचायचं.
अण्णा आरी थांबवून बघत बसायचे.
त्यांना सांगावं लागलं नाही
की भोक एका अंगाला पडतं आणि फुगवटा दुसऱ्या.
तरी टोचणीसाठी कातडी म्यान शिवली तेव्हा विसरलेच.
माझं नाव बघून बघून टोचलं वरून,
उमटलं आतून, उलटं.
बोट घालून वाचलं:
अक्षताचा अ पार शेवटी जाऊन
पाय मोडून बसलेला.
मी म्हटलं, झकास झालंय.

परीक्षेला मला वेगळी खोली.
जीवशास्त्राची प्रयोगशाळा, स्पिरिटचा वास,
बरण्यांत कायकाय बुडवून ठेवलेलं, म्हणे.
लेखनिक तेहसीन बागवान, अकरावी सायन्स.
तिला भूगोल येत नाही
म्हणूनच ती चालली.
‘मृदा’ला कुठला दा, ‘पर्जन्य’चा रफार कुणावर,
मी सांगते, ती लिहिते,
चुकली की श्वास ओढते, मला ऐकू येतं.

मग प्रश्न सहावा. नकाशा.
तेहसीन वाचते: अंध विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न,
गाळलेल्या जागा भरा.
भरल्या. चारही बरोबर.
पण मला नकाशाच काढायचा होता.
शिवाजी पुलावर केएमटीच्या चाकांचा सूर पोकळ होतो,
तिथं नदी.
गुऱ्हाळाचा वास डाव्या गालावर येतो,
तिथं ती वळलेली.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि पाचवी सरस्वती, जी कुणालाच दिसत नाही.
तिच्यासाठी पर्यायी प्रश्न नाही ठेवला कुणी.

दोन वाजता घंटा झाली.
जिन्यावर चपला, सायकली, कितवा सुटला रे तुझा,
मग नुसता पंखा.
इंगवले सर जांभई देऊन म्हणाले,
‘मजा आहे तुमची, एक तास जादा.’
जादा काय त्यात?
तेहसीनचा हात दुखून दुखून गार पडलेला,
साडेतीनची गाडी तिची,
सकाळपासून पोटात एक वडा.
मी सांगायचं, तिनं ऐकायचं, मग लिहायचं,
मग परत वाचून दाखवायचं.
घड्याळ फक्त लिहिण्याचा वेळ मोजतं.

तीनला सरांनी उत्तरपत्रिका नेली.
तेहसीन म्हणाली, थांब गं जरा.
प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पानावर
कर्कटकानं टोचायला लागली.
टक्, टक्, टक्.
अण्णांच्या दुकानातला दुपारचा आवाज.
‘घे, तुझी पंचगंगा.’
पान उलटून बोट ठेवलं.
चार फाटे येऊन मिळाले, बरोबर,
प्रयाग लागलं, पूल लागला,
आणि पुढं नदी निघाली
थेट कोकणात.
‘अगं, ही घाट चढतीया!’
आम्ही हसलो तेव्हा
सर दारातून परत आले, बघून गेले.

गाडी चुकली तिची.
चारच्या गाडीत मी पान पुन्हा सुलटं केलं.
आता फुगवटा नव्हता, नुसती भोकं,
बोटाला नीट लागत नव्हती,
पण नरसोबाच्या वाडीकडं निघालेली.