पत्ता

दर मंगळवारी पहाटे साडेपाचला मी दवाखान्याची गाडी काढतो.
साठ मैल जायचं, साठ मैल यायचं,
अलाबामाची तांबडी माती दोन्ही बाजूंना.
माझ्याकडे यादी असते. यादीत घरं नसतात.
कुणी पेट्रोल पंपामागे, हवेच्या नळीपाशी,
कुणी बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकाशी.
म्हातारा अल्विन तर थेट स्मशानात, बायकोच्या दगडाजवळ;
विचारलंच कुणी, तर सांगायला कारण तयार.
दाराशी मला कुणी बोलावत नाही.
गाडीवर दवाखान्याचं नाव होतं.
एका रविवारी मीच ते घासून काढलं.
तरी उन्हात अक्षरांचा फिकट डाग वाचता येतो.

ओझेला थांबायची पेकानच्या झाडाखाली.
कोंबड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं
तिने थंड मांसातून हाडं सोडवली,
मग कुणी कुणाला काहीतरी सांगितलं.
मग बहिणीकडे, मागच्या ओट्यावर.
सगळ्यांना काचेच्या बश्या, हिला कागदाची.
"धुण्याचा तुला त्रास नको गं," बहीण म्हणायची,
आणि खरंच प्रेमाने म्हणायची, हे ओझेलाच सांगते.
मग मागूर माशांच्या तळ्याकाठी,
चाकं बसलेल्या निळ्या ब्यूकमध्ये.

ऑगस्टात गाडीच्या खणातल्या गोळ्यांना घाम फुटला,
एकमेकींना चिकटल्या.
तिने त्या नखाने सुट्या केल्या, मोजल्या,
तशाच घेतल्या.

औषध टपालाने येऊ शकतं, फक्त पत्ता हवा.
फॉर्मवर रकाना होता: कायमचा पत्ता.
तिने लिहिलं, झाड.
खिडकीतल्या पोराने ते खोडलं.
परतताना पुढच्या सीटवर बसून तिने विचारलं,
"तुझा लिहू?"
मी म्हणालो, नियमात बसत नाही.
असा नियम नव्हता.
पुढचे चाळीस मैल वायपर चालू होते,
पाऊस थांबलेला असूनही.

टिलमनबाई दोन हिवाळे कागद घेऊन हिंडल्या.
एकाकडे मैल्याची टाकी नव्हती,
एकाने सांगितलं, कालच भाड्याने गेलं,
पाटी मात्र पुढचा महिनाभर तशीच लटकत होती.
शेवटी धान्याच्या कोठाराशेजारी दोन खोल्या मिळाल्या.
जमीन कललेली; कांदा ठेवला तर
तो आपला आपण स्वयंपाकघरात जातो.
पण नळ आहे, फ्रिज आहे, कडी आहे,
आणि रस्त्यावर पत्र्याची टपालपेटी.
तिच्यावर २१४ तिने स्वतः रंगवला.
चाराचा ओघळ खाली गवतापर्यंत गेलाय.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले,
रक्तात आता त्याचा पत्ता लागत नाही.
औषध चालू ठेवा, पण पत्ता लागत नाही.
गाडीत ती इतकी हसली की अल्विन जागा झाला.
"ऐकलंस? त्याचा पत्ता गेला, माझा आला."
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"मेला असेल इथंच कुठंतरी, माझ्यासारखा,
कुणाच्या तरी मागच्या ओट्यावर."

परवा तिचा फोन आला:
झाडापाशी येऊ नकोस. दाराशी ये. हॉर्न वाजव.
मी गेलो. समोरच्या घरात पडदा हलला.
कुत्रं भुंकलं.
इतकी वर्षं मी लोकांना दिवे मालवून उचललंय,
हात हॉर्नवर गेला आणि तिथंच राहिला.
मागून अल्विन म्हणाला, "वाजव की.
मला आपला दगडच बरा, पण तिने सांगितलंय ना?"

वाजवला.

ती आली, चर्चला जाताना घालायची ती टोपी घालून.
कुलूप लावलं. ओढून पाहिलं.
गाडीपर्यंत आली, परत गेली,
पुन्हा ओढून पाहिलं.
उशीर होत होता. मी काही बोललो नाही.