गाळा नंबर एकोणतीस

शिरसाट मास्तर म्हणाले, वचन पाठ करू नकोस,
त्याला बसायला जागा दे.
मी म्हटलं, मास्तर, आमची खोली दहा बाय बारा,
तिथे माणसंच पाळीपाळीने झोपतात.
मग रोज जातेस कुठे?
भाजीला. भायखळ्याच्या मंडईत.
तिथेच मग. आणि वही घरी ठेव.

त्या आठवड्यात मी पिशवी न घेता मंडईत गेले
आणि जन्मात पहिल्यांदा गाळे मोजले.

मैत्री लसणाच्या ढिगात ठेवली, तिलाही वास लागला.
कष्ट सुरणावर, मातीसकट.
सत्य मी तराजूत ठेवलं होतं,
दुसऱ्याच दिवशी गायब.
मास्तर हसले. सगळे तिथेच ठेवतात.
जे शोभतं ते आठवत नाही, बाई.
विचित्र कर. ओंगळ कर. लोकांनी वळून बघावं एवढं मोठं कर.
मग सत्याला मिशा लावून टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसवलं,
कोपरातून रस गळतोय, माश्या घोंगावतायत.
अजून तिथेच आहे.

आई या विषयाला गर्दी फार. दोन गाळे दिले,
तरी चार वाक्यं बाहेर मिरच्यांच्या गोणीवर.
मृत्यू कोथिंबिरीत :
जुडी सोडली की आतून एकेक ओलं वाक्य.
आणि कोण म्हणालं, ते भावाच्या पाटीवर खडूने.
थोर पुरुष, वीस रुपये पाव.

असे एकतीस विषय. बावीस वर्षं.
बारशी, निरोप समारंभ, शोकसभा,
वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांची बदली.
माइक हातात आला की मी डोळे अर्धे मिटायचे.
लोकांना वाटायचं, बाई गहिवरल्या.
मी पडवळांच्या खालून वाकून वाट काढत असायचे.

गेल्या माघात परळला चिंदरकरांची निवृत्ती.
विषय, वेळ.
वेळ पालकाच्या गाळ्यावर, एकोणतीस नंबर.
गेले. गाळा होता, पालक होता,
पाटी पुसलेली.
जे वाक्य बावीस वर्षं पाणी मारून टवटवीत ठेवलं
ते नव्हतं.
तिथे खुद्द इद्रिस बसला होता,
पुढचा दात पडलेला, हातात तळाला भोकं पाडलेला डबा,
आणि वर न बघता नेहमीसारखा म्हणाला,
ताई, आजचा पालक आजच घ्या,
उद्याचा पालक अजून कोणी पाहिलेला नाही.

माइक चालू होता.

टाळ्या पडल्या. चिंदरकरांनी चष्मा पुसला.
पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी वाक्य उतरवून घेतलं
आणि चहाच्या वेळी येऊन विचारलं, कुणाचं हो हे?
इद्रिस बागवान, मी म्हटलं.
हो, हो. वाचलंय मी त्यांचं.

सकाळी इद्रिसला सगळं सांगितलं.
म्हणालो असेन, म्हणाला. माल उरला होता.
आणि पैसे मोजून घेतले, नेहमीएवढेच.

मास्तर आता मुलुंडला, मुलीकडे.
त्यांची वचनं त्यांच्या जुन्या शाळेत, जिन्यावर.
फोनवर म्हणतात, पायऱ्या आठवतात गं, सगळ्या,
सातवीचा कठडा हलतो तेही आठवतं.
कुठल्या पायरीवर काय ठेवलं होतं, तेवढं सांगशील?
मला कुठून ठाऊक असणार.
मी त्यांना पालकाची गोष्ट सांगितली.
बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत राहिला.
वाटलं, आता विचारतील, कोण हा इद्रिस.
विचारलं, गाळा नंबर?
एकोणतीस.
एकोणतीस, ते म्हणाले,
आणि मागे कुठेतरी
पेन्सिल शोधल्याचा आवाज आला.