कान लावून

स्तारा झागोरात, लिंडनच्या रांगेमागे
रुम्यानाचं दुकान. बंद पडलेल्या डिस्कमधून
निघेल तेवढं काढून देते.
तरुणपणी ती डिस्कच्याच कारखान्यात होती.
डोक्याला टोपी, तोंडाला फडकं,
कारण तबकडीवर
धुळीचा कण म्हणजे धोंडा.

अजूनही हार्ड डिस्क आली की
वायर जोडून आधी कानाशी धरते.
घरघर : मोटर.
टक्, टक्, टक् : हेड गेलं.
दुखणं बोलून दाखवणारी जात.

आज दोब्रिन आला, निवृत्त बसचालक.
हातात एसएसडी, बिस्किटाएवढी.
मुलगा म्हणाला होता, बाबा, ही घ्या,
पडली तरी फुटत नाही, चुटकीसरशी उघडते.
सगळं हिच्यात भरलं, मग पाच वर्षं खणात.
आत बायको आहे,
अंगणात लाल मिरच्या भाजताना
कॅमेऱ्याला डावाने हाकलणारी.

रुम्यानाने सवयीने कान लावला.
काही नाही.
ही धडधाकट असतानाही अशीच गप्प.
विजेशिवाय पडून राहिली,
कप्प्याकप्प्यातला भार झिरपत गेला,
खणाला कळलंसुद्धा नाही.

"आणि जुनी? जिच्यातून हिच्यात भरलंत?"

तो ओशाळला.
तळघरात, कोबीच्या पिंपाखाली.
पिंप डुगडुगत होतं.

संध्याकाळच्या बसने घेऊन आला.
खारवलेल्या पाण्याचा वास, कडेला गंज.
रुम्यानाने पुसली, जोडली, कानाशी धरली,
बराच वेळ धरली.
मग काही न बोलता
त्याच्या कानाशी नेली.

दोब्रिन उभा. तोंड किंचित उघडं.
बाहेर बसवाला हॉर्न देतोय.