कोपऱ्यातले अणू

बिलिंगहॅम. पहाटेचे पावणेचार.
रिॲक्टरच्या पोटात वीस बार हायड्रोजन
आणि चिमूटभर काळी भुकटी,
बाळाच्या तिटेला लागेल तेवढीच:
पॅलेडियमचे कण, तीन नॅनोमीटरचे,
कार्बनवर एकेकटे पेरलेले.

दाबाचा काटा उतरतोय.
म्हणजे पीत आहे.
ढुशी देत वासरू प्यावं तसं पीत आहे.

कीथ रॅमशॉ चहा घेऊन येतो.
त्याचा बाप इथेच निकेलवर होता.
ती भुकटी ओली ठेवायची,
सुकली की हवेनेच पेटायची.
कोटाची एक बाही गेली त्यात, आणि भुवया.
"तेव्हा घमेल्याने ओतायचे," कीथ म्हणतो,
"आणि तुझं बघ. नखावर मावेल."

मी त्याला कडांचं सांगते.
आतल्या अणूला बारा शेजारी,
त्याचा हात कधी रिकामा नसतो.
टोकावरच्याला पाच, फार तर सहा.
हायड्रोजनची जोडी बहुतेक तोच धरतो,
तोच सोडवतो,
दुहेरी बंधाच्या दारात एकेकाला पोचवतो
आणि पुन्हा रिकामा,
होता तसा.
कीथ बिस्कीट बुडवतो. मोडून पडतं ते.

काल फोटो आला, चौथ्या फेरीनंतरचा.
तिनाचे अकरा झालेत.
उष्णतेत सरकत सरकत
भेटले एकमेकांना, बिलगले,
गोळा झाला.
धातू तेवढाच. वजन तेवढंच.
काम निम्म्याच्याही खाली.

आमच्या शाळेच्या भिंतीवर
एकीचं बळ होतं, निळ्या ऑइलपेंटमध्ये,
त्यातला 'ळ' पावसाने गेलेला.
सात वर्षं वाचत होते मी ते.

मंडळाच्या ढवळीकरांचा निरोप पडलाय फोनवर:
एकट्या किती दिवस राहणार तिकडे?
रविवारी न्यूकॅसलला या.
पुरणपोळ्या आहेत. आपली माणसं आहेत.

काटा थांबला.
गाळणीवर काळा थर उरतो,
जरा कमी, नेहमीसारखाच.
धुते, बाटलीत भरते,
चिठ्ठीवर लिहिते: फेरी पाच.
टीज नदीवर धुकं,
त्यात कारखान्याचे दिवे सुटे सुटे.

जाईन रविवारी.
कोपऱ्यातली खुर्ची बघून बसेन.